दादाची जळालेली गाडी मी विकत घेतली

दादाची गाडी जळाली हे कळलं तेव्हा मी एका व्हॅनच्या दारावर पोचा भरायला लावलेली पुटी घासत होते. चांदे गावातून, म्हणजे माझ्या माहेरातून, चुलतीचा फोन आला होता. ती रडवेल्या आवाजात सांगत होती आणि मी पॉलिशपेपर हातात तसाच धरून ऐकत होते. फोन ठेवला आणि पुन्हा घासायला लागले. नवऱ्यानं विचारलं काय झालं, तर म्हटलं, दादाची गाडी पेटली, माणसं सगळी सुखरूप आहेत. तो म्हणाला, अरेरे. मला काही अरेरे वाटलं नाही. मला बरं वाटलं. हे लिहिताना मी लपवाछपवी करणार नाही, ज्याला वाईट वाटेल त्यानं इथंच थांबावं.

पिरंगुटहून लवळ्याकडं जाणाऱ्या रस्त्याला आमचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे पत्र्याचं शेड, एक कॉम्प्रेसर आणि मागं राहायच्या दोन खोल्या. नवरा डेंटिंग करतो, मी रंग मारते. लग्न होऊन आले तेव्हा मी फक्त चहा करून द्यायचे. मग रिकामा वेळ जाईना म्हणून पुटी घासायला लागले. एकदा आमचा पेंटर ऐन कामात गावी निघून गेला, तेव्हा स्प्रेगन उचलली ती आजतागायत खाली ठेवलेली नाही. लवळ्याच्या कॉलेजांतली पोरं गाड्या ठोकून आणतात आणि पप्पांना कळायच्या आत करून द्या म्हणून विनवतात. जुन्या रंगाला नवा रंग असा जुळवायचा की पप्पांना खरंच कळत नाही, हे माझं काम.

आता दादाचं सांगते. आम्ही दोघंच भावंडं, तो थोरला. वडील असताना त्यांनी चार माणसांत बोलून ठेवलं होतं की ओढ्याकडचं भाताचं खाचर लेकीचं. खाचर लहानच, पण पाणी धरून राहणारं, इंद्रायणी त्यात अशी यायची की शिजताना शेजारच्या आळीला वास जायचा. वडील गेले, आणि पाठोपाठ हिंजवडीची हवा चांद्यापर्यंत आली. जमिनीला भाव आला तसा आमच्या भागात एक नवा सण सुरू झाला. बहिणींना गाडीत बसवून पौडाला न्यायचं, कचेरीत हक्कसोडीवर सह्या घ्यायच्या, येताना हॉटेलात मटण खाऊ घालायचं आणि वर एक साडी द्यायची. हक्कसोड म्हणजे बापाच्या जमिनीवरचा हक्क मी राजीखुशीनं सोडला असं लिहून देणं. मलाही नेलं. मी विचारलं की ओढ्याकडचं खाचर यात कसं काय आलं. दादा म्हणाला, कागद सगळ्याचा एकच असतो, खाचर तुझं ते तुझंच. मी सही केली. मटण चांगलं होतं.

वरची जमीन विकली गेली. ओढ्याकडचा तुकडा तेवढा राहिला, कारण तो बिल्डरला नको होता. भात कापणीच्या आधी मी दादाकडं गेले आणि म्हटलं, खाचराचं तेवढं माझ्या नावावर करून दे. दादा ओट्यावर बसला होता, आजूबाजूला भावकीतली माणसं होती.

"कसलं खाचर? सही केलीस की," तो म्हणाला. "का साडी न्हाई मिळाली?"

सगळे हसले. वाईट हसले असंही नाही, चेष्टेत हसतात तसं हसले. पण ते हसणं माझ्या कानातून आजही निघालेलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उंबऱ्याबाहेर उभं राहून म्हटलं, "दादा, त्या खाचरातलं काई तुला पचायचं न्हाई." आणि तशीच चालत रस्त्याला लागले.

दादानं त्याच दिवशी आईला सांगितलं की लेकीकडं पाऊल टाकायचं नाही. आईकडं स्वतःचा फोन नव्हता. वहिनीच्या फोनवर बोलायचं तर वहिनी स्पीकर चालू ठेवून समोर भाजी निवडत बसायची. मग आई आणि मी पाऊसपाण्याचं बोलायचो. चांद्याहून आमचं गॅरेज काही परदेशात नाही, पण आई कधी माझ्या दारात आली नाही. कुणाच्या लग्नात मांडवात भेट झाली की ती जाता जाता माझं मनगट दाबायची आणि पुढं निघून जायची. खाचरावर एक वेळ मी पाणी सोडलं असतं. आईवर सोडणं जमण्यासारखं नव्हतं.

त्यात ती गाडी आली. पिवळीधमक, दोन दारांची, दोनच माणसांची, जमिनीला पोट घासेल इतकी बुटकी. ज्या घरात आजीला, सुनेला, पोरांना मिळून जत्रेला जावं लागतं त्या घरात दोन माणसांची गाडी! आमच्याकडं नवं वाहन दारात आलं की घरची लेक ओवाळते. बैलजोडी आली तेव्हा आत्यानं ओवाळली होती, ट्रॅक्टर आला तेव्हा मी ओवाळला होता. या गाडीला मला बोलावणं आलं नाही. वहिनीच्या बहिणीनं ओवाळलं. तिचं आरतीचं ताट धरलेलं छायाचित्र मी फोनवर, स्टेटसला पाहिलं. मागं दारात आई उभी होती. तिच्या चेहऱ्याकडं मी बोटांनी मोठं करून करून बघितलं, पण चित्र फुटलं आणि काही कळलं नाही.

गाडी जळाली ती त्याच दिवशी. ते कसं, हे मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. भाताची झोडणी नुकतीच झालेली, वर अवकाळी पडून गेलेला, अंगणात हा चिखल. दादानं दोस्तांना एकेक करून शेजारी बसवलं आणि हिंजवडीच्या मोठ्या रस्त्याला गाडी पळवून आणली. परत येऊन अंगणात उभी केली आणि व्हिडिओ काढण्यासाठी जागच्या जागी इंजिन गरागरा फिरवत बसला. सगळे चहाला वळले आणि मागं धूर निघाला. शेजारच्या बांधकामावरचा पाण्याचा टँकर आला म्हणून घर वाचलं. विमावाल्यांनी वायरिंगचा दोष लिहून टाकला आणि पैसे देऊन सांगाडा ताब्यात घेतला.

गावानं मात्र वायरिंगबियरिंग काही मानलं नाही. गाव म्हणालं, बहिणीचा तळतळाट. आणि हे गावाला सांगणारा पहिला माणूस दादाच होता. मी ओट्यावर काय बोलले होते ते त्यानं शब्दन् शब्द सगळ्यांना ऐकवलं आणि शेवटी जोडलं की माझ्या बहिणीच्या तोंडानं माझी गाडी खाल्ली. स्वतःच्या लबाडीचा त्यात उल्लेख नव्हता. पुढं चुलत भावाच्या मुलीचं बारसं होतं. मी पाळण्याकडं गेले तर एका बाईनं बाळ उचलून दुसऱ्या बाईच्या मांडीवर दिलं. मी हातातलं झबलं तिथं ठेवलं आणि जेवण न करता आले. येताना रिक्षात मी ठरवलं की याला सोडायचं नाही. काय करायचं ते ठाऊक नव्हतं, पण सोडायचं नाही एवढं नक्की होतं.

काय करायचं ते मग आपल्या पायानं चालत आलं. आम्ही ज्याच्याकडून जुने दरवाजे, बॉनेट वगैरे घेतो त्या भंगारवाल्यानं सांगितलं की एक जळकी स्पोर्ट्स गाडी आलीय, चांद्याकडची. मी पाहायला गेले. मागचा भाग करपून काळा, टायर वितळलेले, सीटांचे नुसते सापळे. पण बॉनेटवर पिवळा रंग अजून शिल्लक होता आणि त्यावर वहिनीच्या बहिणीनं काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक होतं. ते बघून मी तिथल्या तिथं म्हटलं, ही मला पाहिजे.

नवऱ्यानं आधी वेड्यात काढलं. असल्या गाडीला आपण कधी हात लावलाय का, पार्ट कुठून आणायचे, आणि एवढं करून घेणार कोण? मी म्हटलं विकायची नाही, चालवायची. कुठं? चांद्यातून. त्यानं हातातला हातोडा खाली ठेवला. मग म्हणाला, "घे. पन रागानं पुटी घासू नगंस, लाटा पडत्यात." माझ्या माहेरच्या पाटल्या होत्या, त्या मोडल्या. माहेरचंच माहेराला लावते म्हटलं. गाडीच्या कागदांवर दादाच्या सह्या आधीच झालेल्या होत्या. विमावाल्यांनी मागितल्या आणि त्यानं गाडी कुणाकडं जाणार हे न विचारता केल्या. न वाचता सही करायची आमच्या घराण्याची खोडच असावी. मालक म्हणून माझं नाव लागलं, नंबर तोच राहिला.

गाडी शेडमध्ये आली तेव्हा तिला जळक्या रबराचा असा वास होता की आठवडाभर जेवण गोड लागेना. मी काजळी खरवडत होते आणि नवरा गाडी उचलून तिच्याखाली शिरला होता. त्यानं मला हाक मारली. त्याचं म्हणणं असं की वायरिंग पेटलं असतं तर आग आतून बाहेर आली असती. इथं तळ जास्त जळालाय आणि डॅशबोर्डवर नुसता धूर बसलाय. ही खालून पेटलीय. मग त्यानं एक्झॉस्टच्या पाइपावरचं पत्र्याचं झाकण खोलायला घेतलं. पळवून आणलेल्या गाडीचा तो भाग तव्याहून जास्त तापलेला असतो. झाकण निघालं तसा आतून काळा कुस्करा खाली पडला. मी तो तळहातावर घेतला. राखच होती, पण कडेला पत्र्याच्या खाचेत अडकलेल्या काही काड्या अर्ध्याच जळाल्या होत्या, आणि त्यांतल्या एकीला भाताची मोकळी लोंबी तशीच होती.

तो पेंढा होता. चिखलात नव्या गाडीची चाकं भरू नयेत म्हणून अंगणात पेंढा पसरला होता, आणि त्या पेंढ्यावर बुटक्या पोटाची तापलेली गाडी आणून उभी केली होती. वरून इंजिन फिरवत बसले. शेतकऱ्याच्या पोराला एवढं कळू नये! लोकांना वाटलं गाडीनं पेंढा पेटवला, म्हणजे गाडी आधी पेटली. खरं तर पेंढा आधी पेटला आणि त्यानं गाडी खाल्ली. आणि वरची सगळी जमीन विकून झाल्यावर त्या घरात पेंढा येणार कुठून? भात लावायला एकच तुकडा उरला होता. माझा.

मी हसत सुटले. नवरा घाबरला की हिला काय झालं. इतकी मी हसले की डोळ्यांना पाणी आलं आणि काजळीच्या हातानं पुसल्यामुळं तोंड काळं झालं.

नवरा साधा माणूस. तो म्हणाला, चल आत्ताच चांद्याला जाऊ आणि सगळ्यांना दाखवू.

"तुझ्यावरचा आळ जाईल की," तो म्हणाला.

"आळ जाईल, पन दादाला वाटती ती भीती बी जाईल," मी म्हटलं. "आन् भीती गेली की त्याच्याकडं माझं काय राहिलं?"

त्या काड्या मी प्रायमरच्या एका रिकाम्या डब्यात घातल्या, झाकण ठोकून बसवलं आणि डबा वरच्या फळीवर ठेवला.

काम सात-आठ महिने चाललं. गिऱ्हाइकांच्या गाड्या आधी, ही मागून, तरी जवळपास रोज तिला हात लागायचा. कुठं अपघातात गेलेली तशीच गाडी असेल तर तिचे पार्ट शोधायचे, नाही मिळाले तर पत्रा ठोकून बनवायचे. वायरिंगला पिंपरीचा एक ओळखीचा माणूस यायचा आणि प्रत्येक वेळी डोकं धरून बसायचा. इंजिनापर्यंत आग पोचली नव्हती हे नशीब. ते पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा शेडचे पत्रे थरथरले आणि रस्त्यावरची कुत्री भुंकायला लागली. रंगाच्या वेळी नवरा म्हणाला, काळा किंवा करडा कर, पुढं कधी विकायची झाली तर बरं. मी ऐकलं नाही. तोच पिवळा पाहिजे होता. दुरून बघताना कुणाला शंका यायला नको होती. कोट मारला, घासला, पुन्हा मारला. घासताना राग यायचा तेव्हा उठून चहा करायचे, आणि खरंच एकही लाट पडली नाही. बॉनेटवरचं ते स्वस्तिक मी स्वतः घासून काढलं. त्या दिवशी मला गाढ झोप लागली.

मग मी चांद्यातून गाडी चालवली. सूड घ्यायला निघालेल्या बाईचं चित्र डोळ्यांपुढं आणलं तर ती धुरळा उडवत जाते. तसं काही झालं नाही. आमच्या गावात दर दोन घरांमागं एक स्पीडब्रेकर आहे आणि त्या गाडीचं पोट प्रत्येकाला घासतं. त्यामुळं मी ब्रेक मारत, तिरकी घेत, बैलगाडीच्या वेगानं चालले होते. पण त्याचा फायदाच झाला. सगळ्यांना पोटभर बघता आलं. चहाच्या टपरीवरची माणसं उभी राहिली. देवळाजवळ एक म्हातारी हात जोडून उभी होती, ती देवाला होती की गाडीला ते कळलं नाही. दादा ओट्यावर होता. आधी त्यानं आवाज ओळखला, मग रंग, मग नंबर वाचला आणि शेवटी काचेआड मी दिसले. तो उठला आणि घरात गेला. मी त्याच्या दारासमोरच्या स्पीडब्रेकरवर जरा जास्तच वेळ घेतला.

नंतर प्रत्येक बाजाराला मी तिकडून गेले. चांद्यात मला काही काम नसायचं. कोथिंबीर घ्यायचे आणि परत यायचे. चुलतीच्या फोनवरून मला सगळं समजत होतं. जळून खाक झालेली वस्तू तशीच्या तशी परत आली हे गावाच्या पचनी पडत नव्हतं. दादा तर भातही नीट खात नव्हता. ओढ्याकडच्या खाचरात तो जाईनासा झाला. देवऋषाकडं गेला तर त्यानं सांगितलं की बहिणीचं तोंड गोड कर, तिच्या हातून ओवाळून घे आणि ती मागेल ते ताटात घाल. हे ऐकून मला देवऋषाला एक गाडी फुकट रंगवून द्यावी असं वाटलं.

दिवाळीच्या आधी दादाचा फोन आला. जन्मापासून मला तो बारके म्हणत आला होता. त्या दिवशी म्हणाला, "ताई, भाऊबिजंला ये." मी थोरल्या भावाची ताई झाले. मी म्हटलं बघते, आणि फोन ठेवला.

भाऊबीजेला मी एकटीच गेले. आदल्या दिवशी पुन्हा अवकाळी पडून गेलेला. कोरडे रस्ते बघून जरा लांबून, महामार्गाकडून आले, म्हणजे गाडी मनसोक्त पळाली आणि चांगली तापली. फाटकातून आत वळणार तोच पाय ब्रेकवर गेला. फाटकापासून पायरीपर्यंत सबंध अंगणात पेंढा पसरलेला होता. ताजा, सोनेरी, चांगला जाड. माझ्या गाडीला चिखल लागू नये म्हणून दादानं माझ्या खाचरातला पेंढा मला पायघड्या म्हणून घातला होता.

दादा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत पायरीवर उभा होता. वहिनी ताट घेऊन मागं. भावकी ओट्यावर जमलेली, तीच सगळी माणसं, जी साडीवरून हसली होती. आई दाराच्या चौकटीला धरून माझ्याकडं टक लावून बघत होती. इंजिन चालू होतं. खरं सांगते, क्षणभर असं वाटलं की गाडी आत घ्यावी, पेंढ्यावर उभी करावी आणि होऊ द्यावं व्हायचं ते. गाव म्हणेल पुन्हा तळतळाट. पण या वेळी जळाली असती ती माझी गाडी, आणि तो पिवळा रंग मी माझ्या हातानं मारला होता. आणि दारात आई होती.

मी काच खाली केली.

"दादा, पेंढा उचल."

"आगं, चिखल हाय. तुझ्या गाडीला लागंल."

"उचल. आदी पेंढा, मग मी."

त्यानं गड्याला हाक मारली. मी म्हटलं, "गड्यानं न्हाई. तू उचल."

दादाला वाटलं हा त्या शापातलाच काही प्रकार आहे. सगळ्यांना तसंच वाटलं. त्यानं वहिनीकडं बघितलं, मग पायजमा गुडघ्यापर्यंत ओढला आणि वाकला. कवळेच्या कवळे उचलून तो कुंपणाकडं नेऊन टाकू लागला. मी इंजिन बंद करून गाडीत बसून बघत राहिले. मला दया आली असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल, पण मला दया आली नाही. मला एखाद्या उपासानंतर जेवायला बसावं तसं वाटत होतं. त्याच्या पांढऱ्या कपड्यांवर चिखलाचे हात उमटले. शेवटी काही काड्या चिखलात रुतून राहिल्या होत्या, त्याही मी बोट दाखवून काढायला लावल्या. त्या त्यानं नखांनी काढल्या. का, असं एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित मी सांगितलं असतं.

मग मी गाडी चिखलातून आत घेतली. दादा हातपाय धुऊन पाटावर बसला. मी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. तो म्हणाला, ओढ्याकडच्या खाचराचे कागद करतो, दिवाळी झाली की पौडाला जाऊ, तुला अजून काय हवं ते सांग.

"आई," मी म्हटलं. "दिवाळीपुरती न्हाई. तिला वाटंल तवा, वाटंल तितके दिस."

वहिनी काहीतरी बोलणार होती, दादानं तिला हातानंच थांबवलं. आईनं कुणाची वाट पाहिली नाही. आत गेली आणि पिशवी घेऊन आली. पिशवी आधीच भरलेली असावी.

निघताना दादा गाडीपर्यंत आला. खिडकीशी वाकून हळू आवाजात त्यानं विचारलं, "ताई, आता मला मोकळं केलंस न्हवं?"

मी किल्ली फिरवली आणि म्हटलं, "बगू."

आईला त्या गाडीत बसवणं सोपं नव्हतं. ही गाडी आहे का विहीर, असं म्हणत ती एकदाची आत उतरली. ज्या मुलाची गाडी होती त्यानं दोस्तांना फिरवून आणलं, तिला बसवलं नव्हतं. गावाबाहेर पडेपर्यंत ती दोन्ही हातांनी पिशवी पोटाशी धरून बसली होती. नांदे गावाच्या पुढं रस्ता मोकळा झाला तसा तिनं पदर सावरला आणि समोर बघतच विचारलं.

"पेंढ्यानंच पेटली व्हती न्हवं?"

मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. विचारलं, तुला कसं ठाऊक?

"जलम चुलीम्होरं गेला माजा. तापल्याल्या लोखंडाखाली पेंढा गेला की काय व्हतं, ते मला कुनी शिकवायचं?"

बाजूनं डंपर गेला, आमची बुटकी गाडी हलली. मला वाटलं बोलणं संपलं. पण ती पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधत म्हणाली की आजही दादानं तिलाच सांगितलं होतं, आई, अंगणात पेंढा पसर.

"मी म्हनलं, माजी कंबार धरलीया, तूच पसर."

मी तिच्याकडं बघितलं. वर्षभर स्पीकरवर पाऊसपाण्याचं बोलणारी ती बाई, दारातल्या छायाचित्रात उभी असलेली ती बाई, शांतपणे समोरच्या रस्त्याकडं बघत होती.

"आन् गेल्या साली?" मी विचारलं.

"गेल्या साली न्हवती धरली," आई म्हणाली. "चल आता. घर दाव तुजं."